आधी काहीही न बदलता एकदा चढवून बघा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं बिल्टी (ट्रकने जाणाऱ्या मालाची पावती) आणि भाड्याचा हिशेब ठेवणारं वेब ॲप एका तरुण डेव्हलपरच्या गळ्यात पडलंय. ज्याने लिहिलं तो नोकरी लागून पुण्याला गेला, आता फोनवर नुसतं "बघतो" म्हणतो. कोड पीएचपी ५.६ मधला, गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) नाही, स्टेजिंग (तालमीचा वेगळा सर्व्हर) नाही, बदल करायचा तर फाइलझिला या फाइल पाठवायच्या प्रोग्रामने थेट लाइव्हवर, म्हणजे चालू ॲपवर, फाइल टाकायची. शेठना तीन गोष्टी हव्यात: जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत बरोबर छापली जावी, ग्राहकाच्या एसएमएसमध्ये गाडी नंबर यावा, आणि जमलंच तर सगळं नव्या सर्व्हरवर न्यावं. काम एक दिवसही बंद पडता कामा नये. कसं करायचं?

मी नागपुरात अशाच कामांवर पोट भरतो. नवं बांधून घ्यायला लोक आयटी पार्कात जातात. चालू आहे, पण कसं चालतंय हे कोणालाच ठाऊक नाही अशी ॲप माझ्याकडे येतात. गोडाऊनची, कोचिंग क्लासची, कळमन्याच्या अडत्यांची. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तिन्ही गोष्टी एकत्र करू नका आणि तिसरीला आज तर हातच लावू नका. एकाच रात्री सर्व्हर बदलला, पीएचपी बदललं आणि एसएमएसही बदलला, तर सकाळी बिल्टी निघाली नाही की तुमच्याकडे तीन संशयित असतील आणि दारात भरलेला ट्रक. दुसऱ्याचा कोड हातात आला की आपण कुठेतरी चुकणार, हे मी धरूनच चालतो. माझी निम्म्याहून जास्त तयारी चूक झाल्यावर दोन मिनिटांत आधीच्या जागी परत येण्याची असते. चढवता कोणालाही येतं. उतरवता येतं का, ते आधी बघायचं.

सुरुवात लाइव्ह सर्व्हरपासून. त्या मुलाने जाताना दिलेली झिप बाजूला ठेवा. तिच्यात त्याच्या लॅपटॉपवर तेव्हा जे होतं ते आहे, आज चालतंय ते नाही. मी हे फी भरून शिकलो. एका गोडाऊनवाल्याचं काम घेतलं, मिळालेल्या झिपमध्ये छोटासा बदल केला आणि फाइल चढवली. त्याच फाइलमध्ये मागच्या दिवाळीत कोणीतरी सीपॅनेलच्या (होस्टिंग चालवायच्या पॅनेलच्या) फाइल मॅनेजरमधून थेट लाइव्हवर हमालीची ओळ दुरुस्त केली होती. झिपमध्ये ती दुरुस्ती नव्हती. माझ्या फाइलने ती पुसली आणि पुढचे चार दिवस बिलांतून हमाली गायब. पकडलं मुनीमजींनी, वहीतल्या बेरजेवरून. "तुमचं कम्प्युटर फुकटात हमाली करून रायलं का भाऊ?"

तेव्हा लाइव्हवरचं सगळं जसंच्या तसं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि त्यावरच गिट सुरू करा. आत 'इंडेक्स ओल्ड', 'इंडेक्स न्यू २', 'बिल्टी फायनल फायनल' अशा नावांची जत्रा भरलेली असेल. हात शिवशिवतील, पण साफसफाई करू नका. मी एकदा 'प्रिंट ओल्ड' नावाची फाइल उडवली आणि दुसऱ्या शाखेतला एकुलता एक कॉम्प्युटर बुकमार्कवरून नेमकी तीच उघडत होता असं निघालं. कोणती फाइल जिवंत आहे हे ॲक्सेस लॉगवरून (कोणतं पान कधी उघडलं त्याच्या सर्व्हरवरच्या नोंदीवरून) ठरवायचं, नावावरून नाही, आणि तो लॉगही महिनाअखेर धरून बघायचा, कारण काही पानं महिन्यातून एकदाच उघडतात. अपलोड झालेल्या फायली आणि पासवर्ड असलेली कॉन्फिग पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या) बाहेर ठेवा. गिटचं छुपं फोल्डर लाइव्हच्या वेब रूटमध्ये (ब्राउझरला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) राहू देऊ नका. त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून अख्खा कोड उतरवून घेणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात.

मग कोडच्या बाहेर काय काय आहे ते लिहून काढा. डोमेन कोणाच्या नावावर आहे, रिन्यूअलचा मेल कोणाला जातो (बहुतेक पुण्यालाच), रात्री कोणते क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) चालतात, टॅलीत एक्सपोर्ट कुठून होतं, बाहेरच्या कोणत्या सेवेने आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता व्हाइटलिस्ट केलाय (परवानगीच्या यादीत घातलाय). ब्राउझरमधल्या कुलपासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतंय की तो मुलगा दर तीन महिन्यांनी हाताने करत होता, हेही बघा. होस्टिंग पॅनेल आणि एफटीपीचे पासवर्ड आजच बदला. डेटाबेसचा मात्र घाईने बदलू नका. तो कॉन्फिगमध्ये एकदा, एखाद्या रिपोर्टच्या फाइलमध्ये दुसऱ्यांदा आणि क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये तिसऱ्यांदा लिहिलेला असतो. आधी पूर्ण कोडमध्ये आणि क्रॉनमध्ये शोधा, मग बदला.

बॅकअपचं काय? "रोज होतो," असं होस्टिंगवाला सांगेल. ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे चालू डेटाबेसवरच, डिरेक्टरी उडवण्याची कमांड दिली. बॅकअपच्या एकाहून जास्त व्यवस्था होत्या. वेळ आली तेव्हा कळलं की डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेणाऱ्या टूलचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नसल्याने डंप होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे मेल कोणापर्यंत पोचत नव्हते. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून ते वाचले, आणि तरी सहा तासांचा डेटा गेलाच. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तर आपल्या सीपॅनेलवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

मी रिस्टोर करून उघडून बघितलेल्या बॅकअपलाच बॅकअप म्हणतो. स्वतःच्या लॅपटॉपवर तेच मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) घाला, डंप आत ओढा, ॲप त्याला जोडा आणि काल रात्रीची शेवटची बिल्टी दिसते का बघा. हे घड्याळ लावून करा. चाळीस मिनिटं लागली, तर शेठना "काही झालं तर दहा मिनिटांत परत" असं सांगू नका. मायएसक्यूएलडंप या डंप घेणाऱ्या टूलला सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय दिला की चालू कामाला धक्का न लावता एका क्षणाचं सलग चित्र मिळतं, पण ते फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं. मायएसक्यूएल ५.५ येईपर्यंत डीफॉल्ट प्रकार मायआयसॅम होता आणि जुन्या ॲपमध्ये अशी टेबलं हमखास सापडतात. त्यांच्यासाठी काम थांबवून, लॉक लावूनच डंप घ्या. डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रामांपैकी ट्रिगर डंपमध्ये आपसूक येतात. स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट मात्र मागितल्याशिवाय येत नाहीत. ते न आल्याचं आयत्या वेळी कळतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास नडते. जुन्या पीएचपी ॲपमध्ये डेटाबेसचं कनेक्शन बहुधा लॅटिन-१ असतं, म्हणजे युरोपीय अक्षरांपुरतं. ब्राउझरमधून आलेलं 'सीताबर्डी' हे युटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) चे बाइट म्हणून येतं, डेटाबेस ते लॅटिन-१ समजून साठवतो, वाचताना तीच चूक उलटी होते आणि स्क्रीनवर मराठी नीट दिसतं. दोन चुका वर्षानुवर्षं एकमेकींना सांभाळून घेत असतात. तुम्ही शहाणपणा करून कनेक्शन युटीएफ-८ केलंत की एकच चूक उरते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असल्याने प्रत्येकाच्या जागी तीन-तीन परदेशी चिन्हं उभी राहतात. त्यानंतर भरलेल्या नोंदी मात्र बरोबर जातात, म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्धा डेटा एका तऱ्हेचा आणि अर्धा दुसऱ्या. हे निस्तरायला मला एकदा आठवडा लागला. म्हणून रिस्टोरच्या सरावात इंग्रजी नावं बघून हुश्श करू नका. मराठीत पत्ता असलेली पावती उघडा. (एका ठिकाणी तर सगळा मजकूर कृतिदेवमध्ये भरलेला निघाला. फॉन्ट काढला की मराठीच गेली.)

स्टेजिंग म्हणजे लाइव्हचं जुळं भावंड, पण मुकं. पीएचपी तेच, मायएसक्यूएल तेच, सेटिंगही तीच. फक्त एसएमएस, मेल आणि ई-वे बिलाच्या चाव्या काढून घेतलेल्या. मी एकदा चाव्या राहू दिल्या. लाइव्हचा डंप स्टेजिंगवर घेतला, रात्री तिथला क्रॉन उठला आणि आठवड्यापूर्वी पोचलेल्या मालाचे "आपला माल निघाला आहे" असे एसएमएस त्याने पुन्हा धाडले. सकाळी अमरावतीपासून रायपूरपर्यंतचे व्यापारी गोडाऊनला फोन करून दुसरा कोणता माल निघाला ते विचारत होते. तेव्हापासून डंप स्टेजिंगवर घेतला की पहिली क्वेरी सगळे मोबाइल नंबर खोटे करण्याची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आहेच, पण तो नसता तरी त्या सकाळनंतर मी हेच केलं असतं.

आता मुख्य गोष्ट. पहिलं डिप्लॉयमेंट रिकामं करा. कोडमध्ये एकही अक्षर न बदलता, आहे तोच कोड नव्या पद्धतीने लाइव्हवर न्या आणि मग मुद्दाम मागे या. शेठना यात काहीच दिसणार नाही आणि याचे पैसे मागताना तुम्हाला लाज वाटेल. मागा. या एका सरावात अर्धी भुतं बाहेर पडतात. अपलोडचं फोल्डर कोडच्या आतच आहे, लॉग फाइलला लिहायची परवानगी नाही, कुठल्यातरी फाइलमध्ये पूर्ण पाथ टाइप करून ठेवलाय, हे सगळं आत्ता कळतं. आणि बिघडलं तर दोष कोडचा नाही हे आधीच ठाऊक असतं.

पद्धत साधी आहे. प्रत्येक आवृत्तीला तारखेच्या नावाचं वेगळं फोल्डर, आणि वेब सर्व्हर बघतो 'करंट' नावाच्या सिमलिंककडे (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याकडे). अपलोड, कॉन्फिग आणि सेशन या फोल्डरांच्या बाहेर, सगळ्या आवृत्त्यांना सामायिक. नवं फोल्डर पूर्ण भरून, तपासून झालं की सिमलिंक तिकडे वळवायची. मागे यायचं तर पुन्हा जुन्याकडे. फाइलझिलाने एकेक फाइल जाते तेव्हा मधली दोन मिनिटं अर्धा कोड नवा आणि अर्धा जुना असतो, आणि बिल्टी नेमकी त्या दोन मिनिटांत निघते. दोन बारकावे आहेत. चालू सिमलिंकच बदलायला घेतली तर ती आधी पुसली जाते आणि मग बनते, मध्ये क्षणभर काहीच नसतं. म्हणून नवी सिमलिंक दुसऱ्या नावाने बनवून तिचं नाव 'करंट' करा. नाव बदलणं एका झटक्यात होतं. दुसरं, पीएचपीचा ओपीकॅश (तयार करून ठेवलेल्या कोडचा साठा) आणि पाथचा कॅश जुनाच पत्ता धरून बसतात. सिमलिंक वळवल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा, नाहीतर नवा कोड चढला असं समजून तुम्ही जुन्याच कोडची तपासणी करत बसाल. शेअर्ड होस्टिंगवर सिमलिंक चालत नसेल तर दोन फोल्डरांची नावं बदला. तेवढ्यानेही काम भागतं.

डेटाबेसला मात्र अशी सिमलिंक नसते. मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना बदलणारी आज्ञा दिली की ती तिथल्या तिथे पक्की होते, ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून मागे घेता येत नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणारे याबाबतीत सुखी. म्हणून कोड आणि रचना एकाच दिवशी बदलू नका. आज फक्त नवा कॉलम वाढवा आणि जुना कोड त्याच्यासह निमूट चालतोय ना ते दोन दिवस बघा. मग त्यात लिहिणारा कोड चढवा. मग जुन्या नोंदी भरा. जुना कॉलम काढायचा तर पुढच्या तिमाहीत, आणि खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा काढतच नाही.

"कॉलम वाढवल्याने कोणाचं काय बिघडतं?" असं वाटेल. वारशाने आलेल्या कोडमध्ये बिघडतं. कॉलमांची नावं न देता नुसती मूल्यं ओळीने ओतणारी इन्सर्ट क्वेरी त्यात असते. टेबलमध्ये कॉलम एकाने वाढला की मूल्यांची संख्या जुळत नाही आणि बिल्टी सेव्ह होणं त्याच क्षणी थांबतं. अशा सगळ्या क्वेरी आधी शोधून त्यांत कॉलमांची नावं लिहा. तुमचा पहिला खरा बदल हाच असू द्या.

त्याच्या उलटचा मोहही टाळा. 'रिमार्क २' कॉलम रिकामा दिसतोय, गाडी नंबर त्यातच टाकू, असं मनात येईल. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. नव्या कोडने वापरात नसलेला एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरला त्याचा जुनाच अर्थ माहीत होता. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. आपल्या 'रिमार्क २' मागे कोट्यवधी डॉलर नसतील, पण महिन्यातून एकदा चालणारा एखादा रिपोर्ट नक्की असेल.

आता शेठची कामं. ई-वे बिलाच्या मुदतीचं प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. अजस्र मशिनरीसारख्या ओव्हर डायमेन्शनल मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी १०० हा आकडा थेट लिहिलेला आहे, आणि तो एका जागी नाही. पीएचपीत आहे, फॉर्मच्या जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि छपाईच्या पानात तिसऱ्यांदा. एकच बदललात तर स्क्रीनवर एक तारीख आणि कागदावर दुसरी, आणि गाडी अडवणारा अधिकारी कागदच बघतो. तिन्ही बदललेत तर २०२० ची बिल्टी पुन्हा छापली की तिच्यावर २०२१ चा नियम लागतो. वादाच्या फाइलमध्ये तोच कागद जातो.

यात घड्याळही आहे. पहिल्या दिवसाची मुदत ई-वे बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत धरतात. सर्व्हर जर युटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) चालत असेल, तर आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला त्याची तारीख बदलते. रात्री बारा ते साडेपाचच्या मधल्या सगळ्या बिल्ट्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि वाडीतल्या बऱ्याच गाड्या सुटतात नेमक्या रात्री. हे तपासल्याशिवाय मुदतीच्या गणिताला हात लावू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुदत आपण मोजूच नये. ई-वे बिल तयार होताना पोर्टल मुदतीची तारीख देतं, तीच साठवा आणि तीच छापा. हा बदल नव्या बिल्ट्यांपुरता करा, जुन्या नोंदींना जुनं गणित राहू द्या.

एसएमएसमध्ये गाडी नंबर हे कोडच्या दृष्टीने एका ओळीचं काम आहे आणि म्हणूनच फसवं आहे. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळावा लागतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की टेलिकॉम कंपनी मेसेज वाटेतच टाकून देते. गेटवेने मेसेज स्वीकारलेला असतो म्हणून तुमच्या लॉगमध्ये 'सेंट' दिसतं. तिकडे ग्राहकाचा फोन गप्प. त्यामुळे आधी नवं टेम्प्लेट मंजूर करून घ्या, जुनं तसंच चालू ठेवा, कोडमध्ये कोणतं टेम्प्लेट वापरायचं ते कॉन्फिगमधून ठरू द्या. चढवल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर मेसेज प्रत्यक्ष आला का बघा, आणि डिलिव्हरी रिपोर्टही उघडा.

चढवण्याआधी बरोबर-चूक ठरवायची माझी कसोटी जरा विचित्र वाटेल. जुनं जिथे चुकतं तिथे नव्यानेही तस्संच चुकलं पाहिजे. लाइव्हवरच्या वीस बिल्ट्या निवडा: पेड, टू-पे (भाडं माल घेणारा देणार), परत आलेला माल, हमाली असलेली, नसलेली, मराठी पत्त्याची, शून्य भाड्याची. जुन्या कोडवर त्यांची छपाई काढून ठेवा. नवा कोड स्टेजिंगवर घालून त्याच वीस पुन्हा काढा आणि एकावर एक ठेवून बघा. जो फरक तुम्ही ठरवून केलाय तेवढाच दिसला पाहिजे. भाडं रुपयात वर गोल करणारी एक ओळ मला एकदा सरळसरळ चूक वाटली होती आणि मी ती 'सुधारली'. पार्टीशी ठरलेला व्यवहारच तसा होता. चूक वाटली तर वहीत लिहा, मुनीमजींना विचारा आणि तो वेगळा बदल म्हणून वेगळ्या दिवशी करा.

वेळ कोणती? रात्री सगळे झोपल्यावर, असं सर्रास सांगतात. ट्रान्सपोर्टला ते लागू नाही. बिल्टीच्या टेबलमधल्या वेळा तासवार मोजा, म्हणजे दिसेल की संध्याकाळनंतर नुसती गर्दी आहे. (मोजण्याआधी ते घड्याळ आपलं की युटीसीचं हे बघायचं, ते वर आलंच.) माझ्या अनुभवात सकाळी साडेदहा-अकरा ही उत्तम वेळ. क्लार्क आलेला असतो, माल यायचा असतो, होस्टिंगवाला फोन उचलतो आणि तुमचं डोकं ताजं असतं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्यांच्या आधीचे दोन-तीन दिवस सोडा. महिनाअखेर सोडा. शनिवारी संध्याकाळी "एवढं छोटंसं करून टाका ना" असा फोन येईल. सोमवारी सकाळी करतो म्हणा, आणि सोमवारी खरंच करा, म्हणजे पुढच्या शनिवारी फोन येणार नाही.

चढवताना क्लार्क फोनवर हवा. तुम्ही पान उघडून "दिसतंय" म्हणणं वेगळं आणि त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या जुन्या ब्राउझरमधून, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर खरी बिल्टी काढणं वेगळं. "भाऊ, स्क्रीनवर तर येऊन रायली, पण कागदावर खालची लाइन कटून रायली," हे कोणताही लॉग सांगत नाही. मागे कधी यायचं ते आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा: पंधरा मिनिटांत कारण सापडलं नाही तर सिमलिंक जुन्याकडे, शोध नंतर स्टेजिंगवर. त्या पंधरा मिनिटांत "सापडलंच आता" असं दर दोन मिनिटांनी वाटतं, म्हणून हे आधी लिहायचं.

नंतर दिवसभर एरर लॉग उघडा ठेवा, पण एकाच आकड्यावर जाऊ नका. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या हवामान केंद्राच्या सेन्सरने नागपुरात ५६ अंश तापमान दाखवलं. गावभर बोभाटा झाला, आणि हवामान खात्याने तपासलं तर सेन्सरच बिघडलेला. उन्हाळा भाजून काढणारा होताच, पण शहरातल्या इतर केंद्रांशी आकडा जुळत नव्हता. तसंच इथे. एरर शून्य आहेत म्हणजे सगळं ठीक, की एरर लिहिणंच बंद पडलंय? मी तासाला किती बिल्ट्या निघाल्या हे मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी ताडून बघतो आणि सोबत एसएमएसचे डिलिव्हरी रिपोर्ट. तीन आकडे एकच गोष्ट सांगायला लागले की जेवायला जातो.

पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ च्या शेवटी थांबली, तेव्हा ते बदलावं लागणार आहेच. पण ते स्वतंत्र काम आहे, त्याचे स्वतंत्र पैसे आणि स्वतंत्र महिना. जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली, ती वापरणारं पान लगेच कोसळतं आणि लगेच सापडतं. त्याची मला भीती नाही. भीती आहे न ओरडणाऱ्या बदलांची. पीएचपी ७ पर्यंत 'पेंडिंग' हा शब्द शून्याशी सैल तुलनेत (शब्द की आकडा हे न बघता केलेल्या) समान ठरायचा. पीएचपी ८ मध्ये तो समान ठरत नाही. स्टेटस शून्याशी ताडणारी एखादी अट असेल, तर एकही एरर न येता बाकी असलेल्या बिल्ट्या रिपोर्टमधून नाहीशा होतील. आधी ७.४ वर या, महिनाभर थांबा, मग ८. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डीफॉल्ट आहे, त्यामुळे आकड्याच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग आणि शून्य-शून्य तारखा सहन होत नाहीत. तोही जुना हिशेब तेव्हाच निघेल.

राहता राहिला नवा सर्व्हर. तो शेवटी, दिवाळीची गर्दी संपल्यावर. व्हाइटलिस्ट केलेले आयपी पत्ते दोन आठवडे आधीच बदलायला द्या, कारण ते काम दुसऱ्यांच्या टेबलवर अडकतं. डीएनएसची (डोमेनला सर्व्हरचा पत्ता जोडणाऱ्या नोंदीची) मुदत दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणा. तरीही काही कॉम्प्युटर बराच वेळ जुन्याच पत्त्यावर जातात, आणि खरा धोका तिथे आहे: दोन्ही सर्व्हर चालू, दोन्हींकडे आपापला डेटाबेस, आणि एकाच नंबरच्या दोन बिल्ट्या दोन ट्रकांवर. म्हणून पत्ता वळवण्याआधी जुन्या ॲपमध्ये फक्त बघता येईल, लिहिता येणार नाही असं करा आणि वर मोठ्या अक्षरात "पान पुन्हा उघडा, नाही जमलं तर या नंबरवर फोन करा" असं लिहा. मग शेवटचा डंप, रिस्टोर, मराठी पत्त्याची एक पावती उघडून बघणं आणि मगच डीएनएस. जुन्या सर्व्हरचं भाडं महिनाभर जास्तीचं भरायला शेठना आत्ताच तयार करून ठेवा. ते कुरकुरतील. वीस तारखेला त्यांचा सीए मागच्या वर्षीची कुठली तरी फाइल मागेल आणि ती फक्त तिथेच सापडेल.